खिडकीकडे पाठ केलेली रोपं

१

ओताकारला मारणाऱ्याचं एका घावावर समाधान झालं नव्हतं. पहिला घाव कानामागे बसला होता, आणि डॉक्टरांच्या मते तेवढा पुरे होता. बाकीचे तो खाली पडल्यावर घातलेले. शिवणाच्या खोलीत फळ्यांच्या फटींतून रक्त झिरपून वाळलं होतं, आणि कोपऱ्यातल्या, रोपं वाढवायच्या काळ्या तंबूच्या चंदेरी अस्तरावर त्याचे शिंतोडे पार वरच्या दांडीपर्यंत उडाले होते. सळई तिथेच टाकलेली होती. बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉपच्या वेली चढवायला तार जमिनीत रोवतात ती ही सळई. चेक देशातल्या या झातेत्सच्या आसपास प्रत्येक घराच्या दाराआड एक असतेच. ही ओताकारची स्वतःची होती.

त्याची मुलगी ब्लांका सोमवारी दुपारी प्रागहून पोहोचली, तेव्हा प्रेत हलवलेलं होतं. दर रविवारी बाबांचा फोन यायचा. या रविवारी आला नव्हता. का आला नाही ते तिला पोलिसांकडून कळलं.

कॅप्टन शिमेक जाडजूड, दमेकरी माणूस. त्याने तिला घर दाखवलं आणि काही नाहीसं झालंय का बघा म्हणाला. ब्लांका प्रागमध्ये दातांच्या कवळ्या घडवायची. केसाएवढा तिरपेपणा शोधण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. तिने खोली खोली पाहिली. काहीही गेलं नव्हतं.

शिमेकच्या लेखी काम जवळपास संपलंच होतं. ओस्ताप कोठडीत होता. युक्रेनहून हॉपच्या मळ्यात कामाला येणारा हा माणूस तीन हंगाम ओताकारच्या अंगणातल्या खोलीत राहत होता. सोमवारी सकाळी प्रेत त्यालाच सापडलं, आणि पोलीस आले तेव्हा त्याच्या सदऱ्याला रक्त लागलेलं होतं. मी त्यांना उचलायला गेलो, असं तो सांगत होता. पण शेजारच्या द्राहोमीराने शुक्रवारी दोघांचं कडाक्याचं भांडण ऐकलं होतं, आणि खून शुक्रवारी संध्याकाळीच झाला होता.

"ओस्ताप नाही," ब्लांका म्हणाली. "बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा त्यानेच त्यांना पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं होतं."

"बाई, मी अशी माणसं पाहिलीत की ज्यांनी आधी वाचवलं आणि नंतर मारलं," शिमेक म्हणाला. "तेवढी ओळख असल्याशिवाय एवढे घाव कोण घालतं?"

ब्लांका तंबूपाशी वाकली. चेन फाटेस्तोवर कुणीतरी पडदा ओढला होता. वरचा दिवा फुटून वायरला लोंबकळत होता. खाली मात्र ट्रेमध्ये चार कप जसेच्या तसे उभे होते. प्रत्येकात गांजाचं एक रोप. तळाशी दोन गोल पानं, त्यावर करवतीच्या दातांची पहिली जोडी.

शिमेकने नजर छताकडे वळवली. "ही मी मोजलेली नाहीत. आमच्या सासूबाई तुमच्या बाबांच्या मलमावरच जिना चढतात."

बाबा रोपांबद्दल फोनवर इतकं बोलायचे की तिचं बोट आपोआप कपात गेलं. वरची माती दाबून पाहिली.

"ही ओली आहे," ती म्हणाली.

"मग?"

"शुक्रवारी मेलेला माणूस रोपांना पाणी घालत नाही, साहेब."

२

शिमेकला उत्तर शोधावं लागलं नाही. पाणी ओस्तापने घातलं असेल, सोमवारी सकाळी, पोलिसांना बोलावण्याआधी. डोकं ठिकाणावर नसलेली माणसं काय वाट्टेल ते करतात. एका बाईने नवऱ्याला सुरी मारून नंतर त्याचे शर्ट इस्त्री केले होते, हे त्याने स्वतः पाहिलेलं.

ब्लांकाने वाद घातला नाही. ती कपांकडे बघत राहिली. काहीतरी तिरपं होतं.

बाबांची पद्धत तिला पाठ होती. आइस्क्रीमच्या काडीवर पेन्सिलने नाव लिहायचं आणि काडी कपात अशी खोचायची, की तंबूची चेन उघडताच नाव समोर यावं. ज्याच्यासाठी मलम, त्याचं नाव रोपाला. दिव्याखाली तळहात उपडा धरायचा. हाताच्या पाठीला चटका बसला तर दिवा वर घ्यायचा. पाणी वरून नाही, खालच्या ट्रेमध्ये. आणि तेही कप उचलून हलका लागला तरच. एक छोटा पंखा हलक्या वाऱ्यावर, देठाला बळ यावं म्हणून. बर्फाचे तीन संत उलटून गेले, मे महिन्यातल्या त्या शेवटच्या थंडीचा भरवसा संपला, की रोपं अंगणात. मग शरद ऋतूत डुकराच्या चरबीत शिजवून मलम, आणि अर्ध्या गावाचे सांधे त्यावर.

आता एकाही काडीवरचं नाव समोरून दिसत नव्हतं. चारही काड्यांनी पाठ फिरवलेली. तिने कप उचलून पलीकडची बाजू वाचली. शिमेकच्या सासूबाई. पाद्रीबाबा. ओस्तापची कंबर. द्राहाचे गुडघे.

"तुमच्या फोनमध्ये सकाळचा फोटो आहे का?" तिने विचारलं. "कुणी काही हलवायच्या आधीचा."

शिमेकने सुस्कारा सोडून फोन काढला. फोटोतही काड्या पाठमोऱ्याच होत्या.

"आता देठ बघा. खिडकी आपल्या पाठीशी, तंबूचं तोंड तिच्याकडे. दिवा डोक्यावर असतो तोवर रोप सरळ वाढतं. शुक्रवारी दिवा फुटला. उरला खिडकीचा उजेड. मग रोपांनी कुठे झुकायला हवं?"

"खिडकीकडे."

"ही कुठे झुकलीत?"

चारही देठ तंबूच्या मागच्या भिंतीकडे कलले होते. उजेडाकडे पाठ करून. फक्त शेंड्याशी, मानेपाशी, बाक उलटून पुन्हा खिडकीकडे वळू लागला होता.

"आधी ती खिडकीकडे झुकली," ब्लांका म्हणाली. "मग कुणीतरी आलं, पाणी घातलं, आणि चारही कप अर्धे फिरवले. मग त्यांनी पुन्हा मान वळवायला घेतली. मान वळायला वेळ लागतो. सकाळच्या फोटोतच ती वळलेली दिसते, म्हणजे फिरवणारा आदल्या दिवशी आला होता. रविवारी. ओस्ताप रविवारी कुठे होता?"

ते शिमेकला लिहून ठेवायची गरज नव्हती. शनिवारी सकाळपासून सोमवारच्या बसपर्यंत ओस्ताप पलीकडच्या गावात मळ्यावर होता. रात्री सगळी टोळी एकाच कोठारात झोपली होती.

शिमेकने वाकून एका देठाची मान न्याहाळली. मग म्हणाला, "छान. कोर्टात रोपांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करतो. शपथ कशावर घ्यायला लावू, खतावर?" पण फोन त्याने खिशात ठेवला नाही. फोटो मोठा करून पाहत राहिला.

म्हणजे रविवारी कुणीतरी या खोलीत आलं होतं. प्रेताशेजारी उभं राहून रोपांची निगा केली होती आणि कुणाला काही न सांगता परत गेलं होतं.

३

तंबू आणून दिला होता लुबोशने. तो ओताकारच्या बहिणीचा मुलगा; शहराबाहेर गॅरेजात तंबू, दिवे, पंखे विकायचा, आणि आतल्या बाजूला काय विकायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याने मामाचं सगळं घर रोपांनी भरायचा बेत आणला, तेव्हा ओताकारने त्याला सळई दाखवून अंगणाबाहेर काढलं होतं. हीच सळई.

ब्लांका गॅरेजात गेली तेव्हा तो गाडीखालून निघाला. सांत्वनाचे दोन शब्द बोलला. तिने सरळच विचारलं, रविवारी कप का फिरवलेस.

त्याने आधी गॅरेजचं दार ओढून घेतलं. मग तिचे केस मुठीत धरले आणि डोकं गाडीच्या दारावर आपटलं. तिच्या भुवईवर कातडी फाटली. तो ओरडला नाही, हेच वाईट होतं.

"ताई, तू खुनी शोधत फिरतेस ते ठीक. माझ्या दारात मोठ्याने बोलू नकोस. माझी गिऱ्हाइकं तुझ्या बापासारखी मलम लावणारी नाहीत."

रक्त डोळ्यात उतरत होतं. ब्लांकाने ते बाहीने पुसलं आणि प्रश्न पुन्हा विचारला, त्याच आवाजात.

लुबोशने मूठ सोडली. कदाचित तिच्या चिकाटीत त्याला मामा दिसला असावा. तो जुन्या टायरवर बसला आणि हसायला लागला.

"तंबूत कप फिरवायचा? कशाला? उजेड डोक्यावर असतो. गोल गोल फिरवलास तरी रोपाला काय पत्ता? तंबूवाला दिवा बघतो, वायर बघतो, पंखा बघतो. मी आत गेलो असतो तर पहिल्यांदा नवा दिवा लावला असता. आणि जाताना रोपं खिशात घालून नेली असती. मामाचं बियाणं चांगलं होतं. वाटेल ते म्हण, पण मला अडाणी म्हणू नकोस."

हे खोटं नव्हतं. ब्लांकाला ते ऐकताक्षणी कळलं, आणि थोडं वाईटही वाटलं. खुनी तो असता तर बरं झालं असतं.

ती दारापर्यंत गेल्यावर तो मागून म्हणाला, "तंबू त्याला हवाच नव्हता. त्याची रोपं इतकी वर्षं उघड्या दिव्याखालीच वाढायची. यंदा म्हणाला, बाहेर उजेड दिसता कामा नये. कुणाला तरी शब्द दिला होता म्हणे, या वर्षी लावणार नाही. शब्द दिला आणि तंबू मागवला. तुझा बाप, देवमाणूस."

"कुणाला दिला होता?"

"ते मी कशाला विचारू?"

ब्लांका परत येऊन शिवणाच्या खोलीत खिडकीपाशी उभी राहिली. तिथून एकच घर दिसत होतं, शेजारचं.

४

द्राहोमीराला गाव द्राहा म्हणायचं, आणि ब्लांका लहानपणापासून द्राहामावशी. आई गेली तेव्हा तिला आंघोळ घालून शेवटचे कपडे हिनेच चढवले होते. हॉपच्या मळ्यात चाळीस वर्षं राबलेली बाई. खांदे अजून पुरुषासारखे.

आता तिचं डावं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं आणि गालावर पिवळा पडत चाललेला वळ. तळघराच्या पायरीवरून पडले, ती म्हणाली. ब्लांकाच्या फाटलेल्या भुवईकडे बघून तिने जिभेने च्‌ केलं. "आणि तू कुठे पडलीस, पोरी? आपल्या दोघींच्या पायऱ्या सारख्याच दिसतात."

टेबलाशी तिचा मुलगा रादिम बसला होता. पस्तिशीचा, अवाढव्य, औषधांनी सुजलेला. गेल्या शरदात त्याला मनोरुग्णालयात न्यावं लागलं होतं, तेव्हा त्याला आवरायला चार माणसं लागली होती. गेल्याच आठवड्यात तो घरी आला होता. समोरच्या केकच्या तुकड्याचा तो चुरा करत होता, आणि खात नव्हता.

द्राहाने कॉफी ओतली आणि बोलत राहिली. ओताकारला किती वेळा सांगितलं, परक्याला अंगणात ठेवू नकोस. शुक्रवारी तिने स्वतःच्या कानांनी भांडण ऐकलं. नाही, आत कशी जाणार? शरदापासून त्या घराची पायरी चढले नाही. का ते तुला माहीत नसेल, आणि आता मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं.

बोलता बोलता ती खिडकीशी गेली. खिडकीच्या कट्ट्यावर दह्याच्या रिकाम्या कपांत टोमॅटो आणि मिरचीची रोपं ओळीने उभी होती, सगळी काचेकडे झुकलेली. द्राहा पाठीमागे वळून ब्लांकाशी बोलत होती, ओस्तापला किती वर्षं होतील ते विचारत होती. आणि तिचा उजवा हात, ती तिकडे बघत नसतानाही, एकेक कप धरत होता. अर्धा फिरवायचा, सोडायचा. पुढचा. अर्धा फिरवायचा, सोडायचा.

खिडकीत रोपं वाढवणाऱ्याला हे करावंच लागतं, नाहीतर रोप आडवं होतं. तंबूत त्याची गरज नसते.

ब्लांकाने कॉफी संपवली. गाळ दातांत आला. ती उठली, केकबद्दल आभार मानले, आणि शिमेकला फोन केला.

५

दुसऱ्या दिवशी शिमेक दारातच उभा राहिला. ब्लांका टेबलाशी बसली. रादिम आतल्या खोलीत झोपला होता. ब्लांकाने चढ्या आवाजात काही म्हटलं नाही. एकेक गोष्ट पुढे ठेवत गेली, कवळीचे दात मेणात बसवावेत तशी. ओली माती. पाठमोऱ्या काड्या. उलटी मान. रविवारी गावाबाहेर असलेला ओस्ताप. कप कधीच न फिरवणारा लुबोश. आणि काल या खिडकीत फिरलेला हात.

द्राहा केक कापत होती. सुरी थांबली.

"कप कोण फिरवत नाही?" ती म्हणाली. "सगळा गाव फिरवतो."

"सगळ्या गावाला बाबांनी शब्द दिला नव्हता, मावशी. त्या खिडकीतून सगळा गाव दिसत नाही."

शिमेकने पाऊल उचलायच्या आत ती टेबलावरून आली. सुरी ब्लांकाच्या गळ्यावर निघाली होती. ब्लांकाने मधे हात घातला आणि पातं तळव्यातून हाडापर्यंत गेलं. खुर्ची मोडली. शिमेकने द्राहाला मागून कवेत घेतलं, तर तिने डोकं मागे हाणून त्याचं नाक फोडलं. प्लॅस्टरचा हात ती टेबलावर आपटत राहिली, फुटेपर्यंत. दुखल्यावरच ती थांबली. मग जमिनीवर बसली आणि श्वास घेत राहिली.

"त्याने शब्द दिला होता," ती म्हणाली. "गेल्या शरदात माझ्या पोराने त्याच्या माळ्यावर वाळत घातलेलं चोरलं. चार दिवस ओढलं. पाचव्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाला, ही माझी आई नाही, हिने आईचा चेहरा घातलाय. ओताकार इथे या खुर्चीवर रडला. म्हणाला, द्राहा, पुन्हा बी लावणार नाही."

शुक्रवारी संध्याकाळी ओताकार रोपांपाशी होता आणि तंबूचा पडदा उघडा होता. रादिमला या खिडकीतून तो जांभळा उजेड दिसला. त्याने तो ओळखला. तो निघाला, आई दारात आडवी झाली. त्याने तिचं मनगट पिळून मोडलं, तोंडावर मारलं, आणि मग स्वतःलाच घाबरून पलंगाखाली शिरला. द्राहाने त्याला गोळी दिली, झोपवलं, आणि ती अंगण ओलांडून गेली. सळई दाराआडच होती.

"मी दिवा फोडायलाच गेले होते. तो मधे आला. हसत होता. म्हणाला, रागावू नकोस, यातलं एक तुझंच आहे." तिने ब्लांकाकडे पाहिलं. "मला वाटलं, टिंगल करतोय."

ब्लांकाने तळव्याला फडकं गुंडाळलं होतं, ते भिजून टेबलावर ठिबकत होतं. "आणि रविवारी?"

"उपटायला गेले होते. सगळी. त्याच्यावरून पाय टाकून गेले. पहिल्याच काडीवर माझं नाव होतं, गुडघ्यांसकट. कशी माना टाकून पडली होती बिचारी." ती थांबली. "मग पाणी घातलं. फिरवलेलं मला आठवतही नाही."

"आणि ओस्ताप?" शिमेकने नाकावर रुमाल दाबून विचारलं. "खोटं भांडण सांगून त्याला आयुष्यभर आत सडू दिलं असतंत?"

"हो," द्राहा म्हणाली. "मी आत गेले तर याला गोळ्या कोण देईल?"

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. रादिम उंबऱ्यात उभा होता. किती वेळ, ते कुणालाच कळलं नाही.

६

ओस्ताप गुरुवारी सुटला. कोठडीत कुणीतरी त्याचे पुढचे दोन दात पाडले होते. ब्लांकाने त्याचा जबडा हातात धरून पाहिला आणि म्हणाली, मी करून देईन, तुझ्या आधीच्यांपेक्षा सरळ. तो म्हणाला, फार सरळ नको, आई ओळखणार नाही.

त्याने तिच्यासोबत शिवणाच्या खोलीची जमीन घासली. रक्त फटींत उतरलेलं होतं. काही निघालं, काही राहिलं. काम झाल्यावर त्याने तंबूकडे बोट दाखवलं. नवा दिवा आणू का, असं विचारलं. संत उलटायला थोडेच दिवस राहिले होते, रोपं जगली असती. म्हातारबांनी इतक्या निगुतीने वाढवलेली.

ब्लांकाने त्याला बाहेर पाठवलं आणि तंबूसमोर गुडघ्यांवर बसली. देठ आता पुन्हा खिडकीकडे वळले होते. प्रत्येकात इंग्रजी एससारखा बाक राहून गेला होता. तिने डावा हात पुढे केला, उजव्याला टाके होते. हात थांबला. बोटांना आधी कप उचलून त्याचं वजन बघायचं होतं. माती दाबायची होती. द्राहाचा हात त्या रविवारी कुठे अडला असेल, ते तिला तिथे कळलं, आणि तिला ते कळायला नको होतं.

बाबा चांगले होते. बाबांनी शब्द दिला होता आणि मग तो मोडल्याचं लपवायला तंबू मागवला होता. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनी मोडलेला शब्द आता पाळायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तिने द्राहाच्या नावाचं रोप आधी उपटलं. मुळं पांढरी आणि लांब होती, कपाच्या तळाला वेढे घालून बसलेली; ती सुटताना बारीक आवाज झाला. मग बाकीची तीन. सगळी तिने चुलीत घातली, काड्यांसकट. हिरवं असल्याने जळायला वेळ लागला.

हात धुऊन तिने खिडकी उघडली. समोरच्या घरात एक परिचारिका गोळ्यांची डबी घेऊन वावरत होती, तीच आता रोज येणार होती. खिडकीच्या कट्ट्यामागे रादिम उभा होता. टोमॅटोची रोपं काचेला चिकटून आडवी पडली होती. त्याने आपला अवाढव्य हात सावकाश पुढे केला, पहिला कप दोन बोटांत धरला आणि अर्धा फिरवला. मग पुढचा.